ठरल्याबाहेरचा घाव

आईच्या पाया पडण्यासाठी सहादेव उंबऱ्याजवळ वाकला आणि वाकताना डोक्याला गुंडाळलेला टॉवेल त्याने सवयीने काढून हातात घेतला... तेवढीच त्याची चूक झाली.

ओसरीवर जात्याशेजारी त्याची धाकटी भावजय चांगुणा रेशनचा तांबडा मिलो निवडत बसली होती. थोरल्या दिराची चाहूल लागताच तिने पदर पुढे ओढला होता, पण पदराआडून ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या मागे बघत होती. युगांडाला दोघे भाऊ मिळून गेले होते आणि मिळूनच परत यायचे ठरले होते. मागे वाट मोकळी होती. मग तिची नजर वळली ती वाकलेल्या सहादेवाच्या डोक्यावर. डोके भादरलेले होते. तो ताठ झाला तेव्हा दिसले की मिशीही नाही.

राहात्याच्या या वस्तीवर सहादेवची मिशी एकदाच उतरली होती, बाप गेला तेव्हा. बायको गेली तेव्हाही त्याने ती ठेवली होती. मिशी उतरवायची ती बापासाठी, नाहीतर भावासाठी. हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.

चांगुणाने काही विचारले नाही. तिने दोन्ही मनगटे वर घेतली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून जात्याच्या पाळीवर आपटली. पुन्हा घेतली, पुन्हा आपटली. हिरव्या काचा उडाल्या, काही मनगटात घुसल्या, मिलोच्या दाण्यांवर रक्त सांडले आणि त्या तांबड्या धान्यात ते दिसेनासेही झाले. मग त्याच हाताने तिने कुंकू पुसले. कपाळ पुसले जाण्याऐवजी आणखी लाल झाले.

"जित्ता हाय त्यो," सहादेव ओरडला. "आई, राधू जित्ता हाय."

पण तोवर त्याच्या आईने, आक्काबाईने, छाती बडवायला सुरुवात केली होती आणि शेजारच्या बाया धावत आल्या होत्या. रडण्याचा एकदा सूर लागला की त्यात एका माणसाचे शब्द कुठे ऐकू येतात! सहादेवने चांगुणाचे हात धरायला उजवा हात पुढे केला. तो हात पंजापासून कोपरापर्यंत बांधलेला होता. जात्याच्या खुंट्यावर तो आपटला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आला तेव्हा चांगुणाला बायांनी आत नेले होते, आणि त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन कोणीही बसलेले नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्यांना सांगितले. तिथल्या लष्करशहाने हिंदी माणसांना देश सोडायचा हुकूम केला. विमानतळाच्या वाटेवर शिपायांनी बस अडवली. फुटक्या बाटल्यांच्या काचांनी सगळ्या पुरुषांची डोकी आणि मिशा भादरल्या, केवळ गंमत म्हणून. मग एका शिपायाने त्याचा हात फोडला आणि राधूला, राधाकृष्णला, कामासाठी परत त्यांच्या साखर कारखान्यात नेले. तो जिवंत आहे, त्याला कामासाठी ठेवून घेतले आहे, तो येईल.

लोकांनी ऐकून घेतले. कोणी मान हलवली नाही. शिपाई डोकी भादरतात ही गोष्ट कोणाला पटण्यासारखी नव्हती. भाऊ मेल्यावर डोके भादरतात ही पटण्यासारखी होती. आणि पटली असती तरी पुढचा प्रश्न उरत होताच. तो आक्काबाईने विचारला.

"तुला घरात वाट बघनारं कोन हुतं, सहादेवा?" ती म्हणाली. "त्याच्यामागं बायकू हाय. मंग त्यो तिथं आन् तू हितं, आसं कसं झालं?"

याचे उत्तर सहादेवजवळ होते. ते त्याने दिले नाही.

*

चांगुणाचा भाऊ गोरक्षनाथ शेवगावकडून आला तो बैलगाडीची शिवळ हातात घेऊनच. जुवात बैलाची मान अडकवायची ही बाभळीची दांडी मनगटाएवढी जाड असते. तो आधी बहिणीकडे गेला, तिची फडक्यांनी बांधलेली मनगटे आणि मोकळे कपाळ पाहिले, आणि मग अंगणात आला. सहादेव लिंबाखाली बसला होता. त्याने उठून 'या' म्हटले.

"पाव्हनं," गोरक्षनाथ म्हणाला, "दाजीला कितीला इकला?"

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. तिसऱ्याला सहादेव पडला. गोरक्षनाथ नेमाने, कांडण करावे तसा मारत राहिला. मध्ये मध्ये दम घेण्यासाठी थांबे आणि तेवढ्यात एखादा टोमणा मारी. परदेशात साखर लई ग्वाड हुती का, इमानात दोघांची जागा एकट्यालाच मिळाली का. एक घाव तोंडावर आला. सहादेवने जिभेने दात चाचपले, एक सुटलेला होता, तो त्याने मातीत थुंकला. हात त्याने एकदाही वर केला नाही. फक्त बांधलेला उजवा हात पोटाखाली दाबून धरला. लोक उभे होते. आक्काबाई दारात उभी होती. तिने 'पुरे' म्हटले ते फार उशिरा, आणि तेही असे हळू की जणू शेजारणीला सांगत होती.

सहादेव मातीत पडून होता आणि त्याच्या मनात दुसरीच माती होती, तांबडी, ओली, एन्टेबे विमानतळाच्या रस्त्याची.

साखर कारखान्यात पॅन नावाचे मोठे बंद लोखंडी भांडे असते; त्यात उसाचा पाक शिजून साखरेचा दाणा धरतो. तो कधी धरला, किती मोठा झाला, पॅन कधी खाली करायचा, हे ठरवणारा तो पॅनमन. दांडीने काढलेला नमुना तो अंगठा आणि पहिले बोट यांच्यात चोळतो आणि सांगतो. उशीर झाला तर आत दगड तयार होतो, तो छिन्नीने फोडावा लागतो. सहादेव या कामात असा वाकबगार होता की परदेशी कारखान्याने त्याला बोलावून नेले. राधाकृष्ण त्याचा मदतनीस म्हणून सोबत गेला.

दोघे भाऊ एका आईचे, पण स्वभाव वेगळे. सहादेव ठरवणारा. दोन हंगाम करायचे, परत यायचे, घरावर पत्रे टाकायचे. ठरले म्हणजे ठरले. राधाकृष्ण काही ठरवतच नसे. जाताना बोटीवर पोट बिघडले तेव्हा तो खलाशांच्या स्वयंपाकघरात जाऊन ताकाऐवजी काय मिळते ते शोधून आला. कारखान्यातल्या माणसांची भाषा तो त्यांच्या बायकांशी थट्टा करत शिकला. सहादेव मात्र तिथेही नगरी मराठीतच बोले आणि समोरच्याला कळले नाही तर तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणे.

देश सोडायचा हुकूम झाला तेव्हा सहादेवने सगळे नीट आखले होते. कागद, तिकिटे, बसमधली जागासुद्धा. पहिल्या नाक्यावर डोकी भादरली गेली. टाळूवरून रक्त ओघळत असताना राधाकृष्ण भावाकडे बघून हसला होता आणि म्हणाला होता, "आईला वाटंल, दोन म्हाराज आले भिक्षा मागाया."

दुसऱ्या नाक्याआधीच एक जीप मागून आली. कारखाना सोडून सगळे जाणकार गेले होते, पॅन भरलेले होते, आणि त्यांना पॅनमन हवा होता. अधिकाऱ्याने सहादेवला नावाने पुकारून खाली ओढले. सहादेवने खिशातून कागद काढला आणि सांगितले, माझी सुटी झाली आहे, माझे विमान आजचे आहे, मी येणार नाही. बंदुकीचा दस्ता पोटात बसला. तो उठला आणि त्याने तेच पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. दुसरा दस्ता कानशिलावर बसला. तो गुडघ्यांवर आला आणि कागद पुन्हा वर धरला. अधिकाऱ्याने पिस्तूल काढून त्याच्या कानाला लावले. शेजारी रस्त्याच्या चरात कोणीतरी आधीच पडलेले होते, त्याच्या तोंडावर माशा होत्या. सहादेव तिकडे बघत होता आणि तरीही त्याच्या तोंडून 'येणार नाही' हेच येत होते.

तेव्हा राधाकृष्ण बसमधून उतरला. ड्रायव्हरच्या पायाशी पडलेली, चाकाचे नट फिरवायची लोखंडी टॉमी त्याच्या हातात होती. शिपायांनी बंदुका रोखल्या. तो त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, हसत म्हणाला, आणि ते क्षणभर थांबले. त्याने भावाचे उजवे मनगट धरले, पंजा बसच्या पायरीवर दाबला आणि टॉमी मारली. अंगठा फुटला. पुन्हा मारली. शेजारचे बोट चेचले गेले. हाडाचा आवाज सहादेवला ऐकू आला. वेदना नंतर आली.

"आता ह्यो पॅनमन न्हाई," असे काहीसे तो अधिकाऱ्याला म्हणाला, स्वतःचा अंगठा आणि बोट त्याच्या नाकापुढे चोळून दाखवत. "आता मी हाय." अधिकारी खूप वेळ हसत राहिला, मग त्याने पिस्तूल खाली केले.

जीपमध्ये ढकलले जाण्याआधी राधाकृष्ण भावाजवळ वाकला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा हसू नव्हते.

"तुला ठरल्याबाहेरचं जमत न्हाई, दादा," तो म्हणाला. "तू तिथं एक दिस जगनार न्हाईस. मी कसाबी जगतो. चांगुनाला सांग, येतो म्हनून."

हे सगळे सहादेव घरी सांगू शकला असता. पण सांगितले असते तर काय ऐकले गेले असते? धाकट्या भावाने थोरल्याचा हात टॉमीने फोडला... त्यातली माया ऐकायला त्या रस्त्यावर त्या क्षणी असावे लागत होते. इथे उरले असते ते फक्त भावाचा हात तोडणारा राधाकृष्ण. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्याहून जड. चांगुणाला कळले असते की तिच्या नवऱ्याला कोणी ओढून नेले नाही. तो आपल्या पायांनी गेला, बायकोची वाट सोडून भावासाठी गेला. तिने शिपायांना शिव्या द्याव्यात, हवे तर मला द्याव्यात, त्याला देऊ नयेत... असे सहादेवने मुंबईला विमानातून उतरतानाच ठरवून टाकले होते. आणि सहादेवचे ठरले म्हणजे ठरले.

*

दहाव्याचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र त्याने साफ नकार दिला. मेल्याची तारीख कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून सहादेव घरी आला त्या दिवसापासून मोजायचे ठरले. पिंड थोरल्या भावाने द्यायचे. जिवंत माणसाचे पिंड मी देणार नाही, असे तो म्हणाला. शेवटी गोरक्षनाथनेच चुलत्यांतला एकजण उभा केला आणि सगळे पुणतांब्याला गोदावरीवर गेले. सहादेवही मागून चालत गेला. कोणी त्याला गाडीत घेतले नाही.

नदीत पाणी नावाला होते. उघड्या पडलेल्या खडकांवर पिंड मांडले. लोक अजून मागे सरले नव्हते तोच कावळे उतरले, एक नाही, दोन नाही, झुंडच उतरली, आणि भाताच्या एका शितासाठी एकमेकांना चोचींनी फाडू लागले. शिवला, शिवला, असे लोक म्हणाले. आत्म्याला काही इच्छा उरली नाही, सुखाने गेला, असे भटजी म्हणाले.

सहादेवने डाव्या हाताने गोटा उचलून भिरकावला. एक कावळा जागीच लोळला, बाकीचे उडाले. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. "उपाशी हायती ती," तो सांगत होता. "दुष्काळ हाय. त्यांच्याम्होरं काय बी टाका, शिवत्याल." पण पिंडावर दगड मारणारा माणूस काय म्हणतो हे कोण ऐकणार! चार-पाच जण त्याच्यावर तुटून पडले. त्याला वाळूत पाडले, लाथांनी तुडवले, आणि चुलत्याने त्याचे तोंड धरून त्या मेलेल्या कावळ्याजवळ नेले. बायांच्या घोळक्यात चांगुणा उभी होती. तिचा पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला होता, पण सहादेवला जाणवले की ती बघते आहे.

त्या दिवसापासून आक्काबाईने त्याच्या हातचे पाणी घेणे सोडले. तो ओसरीवर झोपे. जेवणाचे ताट चांगुणा उंबऱ्यावर ठेवी आणि आत जाई.

*

घर चालायला हवे होते. सहादेवचा हात कारखान्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता. नगर-मनमाड रस्त्याच्या बाजूला दुष्काळी काम निघाले तेव्हा तो खडी फोडायला जाऊ लागला. उजव्या हाताची पट्टी निघाली होती. अंगठा आडवा जुळला होता आणि शेजारचे बोट मुळापासून वाळक्या शेंगेसारखे वाकडे झाले होते. तो डाव्या हाताने हातोडा मारी. पहिल्या दिवशी निम्मे घाव दगडावर बसले, निम्मे स्वतःच्या नडगीवर. घरी कोणी विचारले नाही की पाय कशाने सोलले.

चांगुणाही त्याच कामावर होती, बायांच्या रांगेत. दुपारी सरकारी सुकडीचा खाऊ वाटायला गाडी आली की सगळे उठत. त्या दिवशी बाया सुकडीला गेल्या आणि ती गेली नाही. ती उठली, तडक सहादेवच्या ढिगाजवळ आली आणि समोर बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती थोरल्या दिराशी समोरासमोर कधी बोलली नव्हती.

"भावजी, हात दावा," ती म्हणाली.

सहादेवने हात मांडीखाली घेतला.

"दावा म्हनते ना."

तिनेच तो ओढून घेतला. पंजा उलटासुलटा करून पाहिला. मधले बोट शाबूत होते, करंगळी शाबूत होती, तळव्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"दर दिवाळीला मी पाक करायची," ती म्हणाली, "आन् पळी तुमच्याकडं आनायची. तुमी हीच दोन बोटं चोळायचा आन् सांगायचा, झाला का न्हाई. ह्ये म्हनायचे, दादाचा पगार ह्या दोन बोटांचा हाय, बाकीचा दादा कारखान्याला फुकट मिळालाय."

सहादेवने डाव्या हाताने पुढचा दगड ओढून घेतला.

"शिपाई चिडला तर डोस्कं फोडील. लई तर सगळा पंजा ठेचील." तिचा आवाज हळू झाला. "मापून ही दोनच बोटं मोडायचं शिपायाला कुनी शिकवलं, भावजी?"

लांबून दगडांवर हातोडे पडण्याचा आवाज येत होता. सहादेवने खोटे बोलण्यासाठी तोंड उघडले... आणि ते तसेच उघडे राहिले, कारण घशातून जे आले ते शब्द नव्हते. इतके घाव त्याने कोरड्या डोळ्यांनी खाल्ले होते. पण कोणीतरी हात पाहिला, नुसता नीट पाहिला, तेव्हा तो मोठ्या माणसासारखा राहिला नाही. तो सगळे बोलला. पिस्तूल, चर, माशा, टॉमी, आणि ते शेवटचे वाक्य.

चांगुणाचा चेहरा ऐकता ऐकता पांढरा पडत गेला. ऐकून झाल्यावर तिने शेजारचा हातोडा उचलला आणि पुढ्यातल्या दगडावर घातला. दगड फुटला तरी ती थांबली नाही. फुटलेल्याचे तुकडे, तुकड्यांचा भुगा, भुग्यातून ठिणग्या... जणू त्या दगडाला नाव होते. "माजी आठवन आली न्हाई त्याला," ती म्हणत होती, "घाव घालताना माजी आठवन आली न्हाई." सहादेवला वाटले, हेच मला नको होते, यासाठीच मी मार खाल्ला.

मग हातोडा खाली पडला. ती दमली होती. पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याचे भान नव्हते. ती बोलली तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"मंग जित्ताच हाय त्यो," ती म्हणाली. "आसलं करून मरनारा मानूस न्हाई त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा न्हाली, आक्काबाईच्या डोळ्यांदेखत देव्हाऱ्यातला करंडा उघडला आणि कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावले. आक्काबाईने तिच्या थोबाडीत मारली. तिने कुंकू नीट केले. आक्काबाईने पुन्हा मारली. तिने पुन्हा नीट केले. विचारले तेव्हा तिने एवढेच सांगितले की भावजी खरं बोलत्यात. हात कोणी मोडला ते ती बोलली नाही. तसे वचन सहादेवने तिच्याकडून मागून घेतले होते.

गावात मग जे बोलले गेले ते लिहिण्यासारखे नाही. विधवा भावजय आणि बायको नसलेला दीर, आणि तिच्या कपाळावर कुंकू. बोलणाऱ्यांना आणखी काय हवे! ते शेवगावपर्यंत पोचले आणि गोरक्षनाथ पुन्हा आला. या वेळी शिवळ सहादेवसाठी नव्हती. त्याने बहिणीला केसांना धरून ओसरीवरून खाली ओढले आणि कपाळ मातीत घासले. "पूस," तो म्हणाला. तिने नाही म्हटले. त्याने शिवळ उचलली.

सहादेवचे ठरलेले होते की या माणसावर हात उचलायचा नाही. बहिणीसाठी मारतो आहे, त्याला तो हक्क आहे. ते त्याचे पक्के ठरलेले होते. पण शिवळ खाली येताना त्याने पाहिली आणि कामावरून आणलेला हातोडा त्याच्या डाव्या हातात होता, आणि त्या हाताने त्याला काही विचारले नाही. घाव गोरक्षनाथच्या मनगटावर बसला. तोच आवाज... बसच्या पायरीवर ऐकलेला. शिवळ सुटून पडली. गोरक्षनाथ मनगट धरून गुडघ्यांवर बसला आणि तोंडातून आवाज न काढता डुलत राहिला.

सहादेव हातातल्या हातोड्याकडे बघत होता. राधू जिवंत असता तर हसला असता, असे त्याच्या मनात आले, आणि लगेच त्याने स्वतःला सावरले: राधू जिवंत आहे.

गोरक्षनाथ गेला तो बहीण मेली असे सांगून गेला.

*

पुढचा पावसाळा बरा झाला. पुणतांब्याच्या स्टेशनवर एका सकाळी एक लंगडा माणूस उतरला. त्याचे समोरचे दात नव्हते आणि एक कान अर्धा होता. नदीवरून येणाऱ्या त्याच भटजींना त्याने राहात्याची गाडी कुठे मिळेल ते विचारले. भटजींनी सांगितले, निरखून पाहिले, आणि मग हातातला तांब्या टाकून ते देवळाच्या दिशेने पळत सुटले. आपण नक्की काय चुकीचे विचारले, हे त्याला गाडीत बसल्यावरही कळले नव्हते.

वस्तीवर तो पोचला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. दारात येऊन तो थांबला. चांगुणा चुलीपुढे होती. तिने वर पाहिले. तिच्या कपाळावर कुंकू होते, त्यामुळे मधल्या वर्षात काय झाले याची त्याला कल्पना येण्याचे कारण नव्हते. ती उठली नाही, रडली नाही, तिने फक्त हातातली पळी घट्ट धरली आणि आत हाक दिली, "आत्याबाई, आले बघा."

पण सर्वांत आधी पोचला सहादेव. तो मागच्या दाराने आला, भावापुढे उभा राहिला आणि डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत अशी मारली की लंगडा राधाकृष्ण भिंतीला जाऊन टेकला. आक्काबाई 'आरं, आरं' करत मध्ये पडली.

"मारू दे, आई," राधाकृष्ण बिनदातांचे हसत म्हणाला. "म्या त्याचा हात मोडला, त्यानं नुसती थोबाडीत दिली. सवदा सस्त्यात झाला."

आक्काबाईला कळले नाही. तिला वाटले पोराला प्रवासाने भ्रम झाला. मग त्याने भिंतीला टेकूनच सांगितले, टॉमी कशी मारली, का मारली. पुढे महिनोन् महिने दुसऱ्याचे काम आपले म्हणून कसे केले. पहिला पॅन बिघडला तेव्हा दात गेले, दुसरा बिघडला तेव्हा कान आणि पाय, तिसरा पॅन बरोबर उतरला. दादाला दाणा चोळताना बघितले होते, तेवढीच शिदोरी होती. एका नव्या अधिकाऱ्याने ओळख झाल्यावर सोडून दिले. आणि मग त्याने विचारले, "का? दादानं सांगितलं न्हाई व्हय?"

चांगुणाने हातातली पळी खाली ठेवली.

आक्काबाई सहादेवकडे वळली. त्याचा पडलेला दात, खांद्याचा उतार, नडग्यांवरचे डाग... ती हे सगळे वर्षभर बघत होती आणि आज तिने ते पहिल्यांदा पाहिले. तिने त्याचा तो वाकडा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकले. सहादेवने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला; म्हातारीने सोडला नाही.

"पानी दे मला," ती म्हणाली. "तुज्या हातचं दे."

भाऊबीजेला गोरक्षनाथ आला. बहिणीने निरोप पाठवला होता, की मेलेल्या बहिणीकडे यायला लाज वाटत असेल तर जित्या दाजीला बघायला ये. तो अंगणातच थांबला, उजवे मनगट वाकडे जुळलेले, नमस्कारासाठी हात जोडले तर ते नीट जुळेनात. सहादेवनेही हात जोडले, त्याचेही जुळेनात. राधाकृष्ण दोघांकडे बघून म्हणाला की एवढ्या मोठ्या घरात आता पाटाला खिळा ठोकायला मी एकटाच उरलो. कोणी हसले नाही, पण गोरक्षनाथ ओसरीवर येऊन बसला.

चांगुणाने पाटावर आधी सहादेवला बसवले, मग भावाला. ओवाळून झाले आणि ती लगबगीने चुलीकडे वळली; पाक उकळत होता. पळी भरून घेऊन ती बाहेर आली. राधाकृष्णने आपली दोन बोटे पुढे केली. वर्षभर त्याने हेच काम केले होते आणि आता ते त्याला येत होते. ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि सहादेवपुढे उभी राहिली.

सहादेवचा उजवा हात सवयीने उठला. अर्ध्यावर थांबला. मग त्याने डावा पुढे केला, अंगठ्यावर पाक घेतला आणि बोटाने हळूच चोळला, पुन्हा चोळला. त्या बोटांना हे काम नवे होते. सगळे वाट बघत थांबले होते. त्याच्या हाताने मोडलेला गोरक्षनाथ थांबला होता, आणि ज्याने त्याचा हात मोडला तो राधाकृष्णही.

"झाला," सहादेव म्हणाला. "उतरव."